एका खांबाच्या दोन वायरी

घरात टीव्ही आला आणि मला हुद्दा मिळाला. काम काय, तर पत्र्यावर उभं राहून ओरडायचं. ओरडण्याचं अंग मला माहेरपासूनच होतं आणि तेव्हा पत्राही मला पेलायचा. आता हे सांगितलं की पोरं माझ्याकडे एकदा आणि पत्र्याकडे एकदा बघतात.

शिरवळला हमरस्त्यावर आमचं चहाचं हॉटेल होतं. थोरले दीर लष्करात वायरलेसवर. ते पेन्शनीत आले ते टीव्ही घेऊनच, आणि आमच्या ह्यांच्या, म्हणजे मालकांच्या, जोडीनं गल्ल्यावर बसू लागले. सिंहगडावरच्या टीव्ही केंद्राचं चित्र धरायला उंची हवी, म्हणून हॉटेलामागच्या टेकाडावर त्यांनी स्वतः खड्डा खणून लोखंडी पाइप रोवला, वर अँटेना चढवला आणि खाली वायर ओढली. वारं सुटलं की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग दीर टेकाडावर, मी पत्र्यावर, आणि माझी थोरली जाऊ, म्हणजे अक्का, खाली टीव्हीसमोर.

"आलं का?" वरून दीर.

"अक्का, आलं का?" मी.

"नुसतं मुंडकं आलंय, धड न्हाई!"

"धड न्हाई म्हणत्यात!"

लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. अक्कानं सासूबाईंना पत्ता लागू दिला नाही. माझ्या वाट्याच्या भाकरी तीच थापायची. दीर सरहद्दीवर असताना आम्ही दोघी एकाच वाकळेत निजायचो. टीव्ही आल्यावर सिनेमा संपला की भांडी घासता घासता तो पुन्हा आपल्या मनासारखा संपवायचो. अक्काच्या सिनेमात कुणी मरायचं नाही.

शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. ट्रकवाले गाड्या थांबवून बसू लागले. "गर्दी टीव्हीची," दीर म्हणाले. "गर्दी चहाची," मालक म्हणाले. चहा मी करत होते, त्यामुळे गर्दी कशाची ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

शब्दानं शब्द वाढत गेला. दिरांनी टीव्ही उचलला आणि रस्त्यापलीकडं आपलं हॉटेल टाकलं. ईर्षेनं मालकांनी दुसरा टीव्ही आणला. खांब मात्र एकच. त्यावरूनच दिरांनी आपली वायर नेली, आणि चित्राची अशी वाटणी झाली की इकडंही मुंग्या, तिकडंही मुंग्या. मग मालक गुपचूप जाऊन त्यांची वायर सोडायचे, नाहीतर दीर आमची. इकडच्या पत्र्यावर मी, तिकडच्या पत्र्यावर अक्का. मी "आलं!" म्हटलं की ती "गेलं!" म्हणणारच. गिऱ्हाईकं टीव्ही सोडून आम्हालाच बघू लागली.

"अक्का, आज तुमी बघा, उद्या आमी!"

"व्हय गं! आन् ह्या दोगांस्नी बसव मुंग्या मोजत!"

टीव्ही कुणाकडंही राहो, अक्का समोर दिसावी, एवढंच मला हवं होतं.

एकदा टेकाडावर दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा ग्रामपंचायत मध्ये पडली. टेकाड गायरानात, म्हणजे जागा पंचायतीची. निकालाच्या आधी मी सरपंचांच्या मंडळींकडे गेले. "दोगांस्नी द्या म्हणावं, न्हाईतर पाइपच उपटा." त्या म्हणाल्या, "आगं, ह्या घरात माझं ऐकत्यात व्हय कुणी?"

निकालाला आम्ही दोघी चावडीबाहेर उभ्या होतो.

"परवानगी एकालाच," सरपंच म्हणाले. "जुन्या हाटेलचा परवाना धाकट्याच्या नावावर हाय, तवा वायर धाकट्याची."

"आवं, पाइप म्या रवलाय," दीर म्हणाले. "परवाना काढला तवा मी सरहद्दीवर हुतो."

"व्हय गड्या, समद्या गावाला म्हाईत हाय. पर ते कागदात न्हाई."

अक्कानं माझा हात धरला होता. निकाल ऐकून तिनं तो सोडला नाही, उलट घट्ट आवळला. त्यावरूनच मी ओळखलं, ही आता जाणार. मालक जिंकून घरी आले आणि न जेवताच निजले.

दिरांना सांगलीत हळदीच्या अडतीवर काम मिळालं. सामान चढलं तसं अक्कानं मला बाजूला घेतलं.

"पीठ जुनं असलं तर कडकडीत पाण्यात मळ. न्हाईतर तुटंल भाकरी."

एवढंच बोलली. मीही भाकरीबद्दलच हूं म्हटलं.

पुढच्या रविवारी वारं सुटलं. मालक टेकाडावर गेले, मी पत्र्यावर चढले.

"आलं का?" वरून हाक आली.

सवयीनं मी खाली वाकले. "अक्का, आलं का?"

हॉटेल गच्च भरलं होतं. सगळे एकदम ओरडले, "आलं!"

तेवढं वर कळवायचं, की झालं माझं काम. पण मी रस्त्यापलीकडच्या रिकाम्या पत्र्याकडं बघत राहिले. मी गप्प, म्हणून चित्र नाही असं समजून मालकांनी पाइप आणखी फिरवला.

"गेलं, गेलं!" खालून गलका उठला.

मालक वरून विचारतच होते, "आगं, आलं का?"