दोनशे बारा नंबरचा फोटो

माझा नवरा एका लिलाव कंपनीत नाण्यांचे फोटो काढतो. ऐकायला सोपं वाटतं ना? लग्नाआधी मलाही वाटायचं. एका नाण्यापुढे हा बाबा अर्धा अर्धा तास दिवा हलवत बसतो! दिवा तिरपा धरला की बारीकसा चराही उठून दिसतो. ऑनलाइन बोली लावणाऱ्याच्या हातात नाणं नसतं, त्याची सगळी भिस्त फोटोवर. "फोटोत चरा दिसला नाही तर तो मीच लपवला असं होतं," हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

हे वेड लावलं त्याच्या सख्ख्या मामांनी. नाणं पारखायला त्यांनीच शिकवलं. आता मामांचे गुडघे गेलेत, घराबाहेर पडणं बंद. नाणी घेतात ती फोटो बघून, आणि तेही फक्त भाच्याने काढलेले. "तुझा फोटो बघितला की नाणं माझ्या तळहातावर असतं," म्हणतात. हे ऐकलं की आमची स्वारी दिवसभर हवेत.

त्या आठवड्यात दोनशे बारा नंबरचं चांदीचं नाणं आलं. कुणा शहाण्याने ते घासून घासून लखलखीत केलेलं. अशा नाण्याला जाणकार विचारतसुद्धा नाहीत. तिरप्या उजेडात चरेच चरे दिसत होते. मॅनेजर म्हणाला, "दिवा समोरून टाक, चमकू दे." आणि मला एवढी प्रवचनं देणाऱ्या या माणसाने मुकाट्याने दिवा समोर ठेवला. चरे गायब!

गुरुवारी मामांचा फोन आला. "या वेळी दोनशे बारा घेणार बरं का. मोबाइलवर बघितलं, झकास आहे!"

झालं. तेव्हापासून याच्या जिवाला चैन नाही. शनिवारी दुपारी चारला बोली बंद होणार होती. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, परत हॉल. जेवायला बसला, दोन घास खाऊन उठला. फोन उचलायचा, ठेवायचा. सांगावं तर नोकरी जाणार. कंपनीचाच माल वाईट आहे असं बाहेर सांगणाऱ्याला कोण ठेवेल? न सांगावं तर मामा फसणार.

"नोकरी दुसरी मिळेल," मी शेवटी ओरडलेच, "मामा दुसरे मिळणारेत का? लाव फोन!"

पावणेचारला लावला. स्पीकर मीच चालू केला.

"मामा, दोनशे बारा घेऊ नका. घासलेलं आहे. मी दिवा..."

"समोरून ठेवलास," मामा म्हणाले. "आज सकाळी मोठ्या स्क्रीनवर उघडलं तेव्हा कळलं. तू असा उजेड कधी टाकत नाहीस. म्हटलं, पोराने काहीतरी झाकलंय. तेव्हाच यादीतून खोडलं."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. हा तर खुर्चीत मटकन बसून हसायलाच लागला. "अहो मामा, मग सकाळीच फोन नाही का करायचा? इथे माझा जीव टांगणीला लागला होता. करत काय होतात एवढा वेळ?"

"काही नाही रे," मामा सावकाश म्हणाले. "तुझे आधीचे फोटो काढून बसलोय. घेतलेलं एकेक नाणं त्यांच्याशी ताडून बघतोय."