टचलाइनवरची मराठी

आमच्या घरात मराठी उरली होती ती जेवणाच्या टेबलापुरती. बाबा कस्टम्समध्ये, बदली होऊन बंगालमध्ये, खिदिरपूरच्या गोदीत आलेले. मी कॉलेजात. धाकटा भाऊ शाळेतल्या बंगाली मित्रांमध्ये इतका मिसळून गेला होता की आईने मराठीत विचारलं तरी तो हिंदीत उत्तर द्यायचा. बाबांना ते लागायचं. बोलून दाखवायचे नाहीत, पण पानातलं निमूटपणे संपवून उठायचे. त्यामुळे फुटबॉलच्या मैदानावर भावाला मराठीची गरज पडायला लागली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला.

बालीगंजला आमच्या घराजवळ मुलांचा एक कोचिंग कॅम्प चालतो. रविवारी सकाळी सामने असतात. तिथले सर वागणुकीच्या बाबतीत फार कडक. शिवी दिली की मैदानाला फेऱ्या. सामन्याच्या आधी आणि नंतर समोरच्या प्रत्येक मुलाशी हात मिळवायचा, हरलो तरी मान वर ठेवून. हे नियम पालकांनाही होते. कोणी रेफ्रीवर ओरडलं किंवा समोरच्या मुलांना काही बोललं, की सर शांतपणे येऊन त्यांना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाठवायचे. एका मुलाचे आजोबा निम्मे सामने तिथूनच बघायचे आणि वर सरांसाठी चहा पाठवायचे.

बाबांना कधी जावं लागलं नाही. ते ओरडायचेच नाहीत. हात मागे बांधून मैदानाच्या कडेला टचलाइनला उभे राहायचे आणि भाऊ जवळून गेला की हलक्या आवाजात मराठीत सांगायचे. मागे ये. डावीकडचा मोकळा आहे. घाई करू नकोस. बाकीचे पालक बंगालीत सूचना द्यायचे, त्या समोरच्या संघालाही कळायच्या. आमची भाषा मात्र त्या मैदानावर बाबा, भाऊ आणि बाबांसोबत जाणारी मी, आम्हा तिघांनाच कळायची. भावाला याची मोठी गंमत वाटायची. रात्री जेवताना तो आपणहून मराठीत मॅच सांगायला लागला. आई त्याला मध्ये अडवायचीसुद्धा नाही, पोळी वाढत नुसती ऐकायची.

सूचना कधी बदलल्या ते मला नेमकं सांगता येणार नाही. एकदा ऐकलं, ‘शर्ट धर, रेफ्री तिकडे बघतोय.’ मग एकदा, ‘धक्का लागला की पडायचं.’ आवाज तोच, हातही तसेच मागे बांधलेले. त्याच सुमारास सरांनी सगळ्या पालकांसमोर बाबांचं उदाहरण दिलं. म्हणाले, या दादांकडे बघा, मुलाशी कसं बोलतात, तसं बोलायला शिका. बाबा संकोचून हसले. मी बुटाच्या टोकाने गवत उकरत राहिले.

उपांत्य सामन्यात भाऊ बचावात होता आणि त्याच्यासमोर एक बारीकसा मुलगा विंगवर होता. काय पळायचा तो. दोनदा भावाला चकवून गेला, आणि दुसऱ्या वेळी आमच्याच बाजूच्या एका काकूंनी भावाला बंगालीत विचारलं की बाबू, झोपायला उशी आणून देऊ का. सगळे हसले. भावाचे कान लाल झाले. त्या मुलाच्या उजव्या गुडघ्याला निळी पट्टी बांधलेली होती. मी ती सुरुवातीलाच पाहिली होती. बाबांनीही पाहिली होती.

भाऊ थ्रो घ्यायला आमच्यापाशी आला.

“उजव्या गुडघ्याला पट्टी आहे त्याच्या,” बाबा म्हणाले. छत्री घेऊन जा म्हणावं तसं. “तिथे जा.”

मी चारचौघांत सहसा बोलत नाही. तेव्हा बोलले. “बाबा, नको ना. त्याला लागेल.”

“फुटबॉल आहे हा, भातुकली नाही.”

भावाने आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं आणि थ्रो घेतला.

पुढच्या वेळी तो मुलगा बॉल घेऊन आला तेव्हा भाऊ घसरत गेला. बॉलला पाय लागला, पण नंतर. मुलगा ओरडलाही नाही, गुडघा धरून कुशीवर वळला. रेफ्रीने साधा फाउल दिला. सरांच्या शिकवणीप्रमाणे भावाने लगेच हात पुढे केला, आणि त्या मुलाने रडत रडत तो हातात घेतला. टाळ्या वाजल्या. त्याला दोघांनी खांद्यांचा आधार देऊन बाहेर नेलं. आम्ही जिंकलो.

घरी परतताना बाबांनी एग रोल घेतले. भावाने आपला उघडलाच नाही.

“बाबा, त्याला उठता येत नव्हतं.”

“येईल दोन दिवसांत. तू मुद्दाम केलंस का? तू बॉलवर गेलास.”

भावाने रोल या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, “हो. मी बॉलवर गेलो.” आणि त्याने रोलचा कागद सोलला.

संध्याकाळी बाल्कनीत तो बुटांची माती काढत होता. मी काय म्हणाले ते ऐकलं होतंस ना, असं मी त्याला विचारलं.

“दोघांचं ऐकलं, ताई. तू नको म्हणालीस. मग काय करू, ते कुठे सांगितलंस?”

सांगायचं होतं ते मी मनात जुळवून पाहिलं. थांबव त्याला, पण लागू देऊ नकोस, आणि तो पुढे गेलाच तर जाऊ दे, लोक हसले तर हसू दे. एवढं सगळं थ्रोच्या वेळात कोण सांगणार, आणि कुठला मुलगा ऐकणार? तो निळ्या पट्टीचा मुलगा त्या मोसमात पुन्हा खेळताना दिसला नाही. मी सरांना सगळं सांगितलं. माझ्या तोडक्या बंगालीत ते ऐकायला फार भडक वाटलं. सर दयेने हसले आणि म्हणाले, तुझे बाबा? छे, तुझी काहीतरी चूक होतेय.

भाऊ आता मोठ्या वयोगटात खेळतो. चांगला खेळतो. शिवी देत नाही, रेफ्रीशी हुज्जत घालत नाही, पडलेल्याला उठवतो. बाबा रविवारी टचलाइनला असतात, पण गप्प असतात. परवा मला अभिमानाने म्हणाले, “आता त्याला काही सांगावं लागत नाही.”

ते खरं आहे. तेव्हा सामन्याआधी दोन्ही संघ रांगेत हात मिळवत होते. भाऊ प्रत्येकाशी हसून हात मिळवत होता, आणि त्याची नजर एकेकाच्या पायांवरून फिरत होती.