नानांचं अ‍ॅव्हरेज

आमच्या नानांना माणसाच्या तब्येतीआधी त्याच्या गाडीची चौकशी करायची खोड होती. "किती पडतं?" एवढंच विचारायचे. लिटरला किती किलोमीटर, हे समोरच्याने समजून घ्यायचं. मला बघायला पुण्याहून मंडळी आली, तीही चकचकीत मोठ्या गाडीतून. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि नाना, म्हणजे माझे वडील, मुलाला विचारतायत, "एसी लावून की बंद ठेवून?" मुलगा बिचारा म्हणाला, कंपनी तर वीस सांगते. झालं! नाना खुर्ची पुढे ओढून बसले. "अहो, कंपनीचा आकडा म्हणजे लग्नातला फोटो. रोजचं तोंड वेगळं असतं." मुलाची आई शेजारीच बसली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्या स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही.

नानांच्या गाडीत बसणं म्हणजे परीक्षाच. कळंबोलीच्या सिग्नलला ते इंजिन बंद करायचे. सिग्नल हिरवा झाला की मागचे ट्रेलरवाले हॉर्न वाजवून जीव खायचे आणि नाना अगदी निवांत किल्ली फिरवायचे. "ओरडू दे. उभ्या गाडीला पेट्रोल पाजायला मी काय खुळा आहे?" मी सीटमध्ये खाली सरकून बसायचे, कोणी ओळखीचं बघू नये म्हणून. पुलाच्या चढावर एसी बंद. डिकीत आईची छत्रीसुद्धा चालायची नाही. "फुकटचं ओझं कशाला फिरवायचं?" आपट्याला मावशीकडे निघालो की आईने बांधलेल्या पिशव्यांतली एक तरी घरीच राहायची. आई ती उचलून परत आत ठेवायची.

एकदाच ती म्हणाली, "मी गाडी शिकू का? मला आपट्याला तुमच्या सवडीने जावं लागतं." नाना दचकलेच. "नवशिक्या हातात गाडी? वाटोळं होईल अ‍ॅव्हरेजचं!" विषय तिथेच मिटला. मिटला असं आम्हाला वाटलं.

गाडीला हात लावायची मुभा जगात एकाच माणसाला होती, हमीदचाचांना. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. जुन्या पनवेलात चाचांचं गॅरेज. नाना त्यांना चारचौघांत 'हम्या' म्हणायचे, आणि चाचा हसत म्हणायचे, "ये रे चिंगूस." रविवारी हवा तपासायला म्हणून गेलेले नाना दुपारी जेवायलाच परत यायचे.

आणि मग अचानक अ‍ॅव्हरेज घसरलं. टाकी फुल केली की पुढच्या फुलपर्यंतचा हिशोब नाना तोंडी करायचे. तो दर खेपेला आणखी खाली यायला लागला. आधी त्यांनी हल्लीच्या पेट्रोलला शिव्या घातल्या. मग पंप बदलला. टायर झाले, फिल्टर झाला, चाचांनी नवे प्लगही बसवले. आकडा काही हलेना. नानांची रात्रीची झोप उडाली, जेवणावरचं लक्ष उडालं.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये गेले होते. तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. नानांनी बॉनेटवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "नव्या प्लगचे पैसे घेऊन जुनेच बसवलेस ना, हम्या? दोस्तालाही सोडलं नाहीस!" चाचा हात पुसत उभे राहिले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. म्हणाले, "दुसरीकडे दाखव मग." मला कोणाकडे बघवेना. आपल्या बापाची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती तशीच नानांसमोर जाऊन उभी राहिली. "गाडी मी नेते. दुपारी तुम्ही घोरत असता तेव्हा. हमीदभाईंची लेक रुबीना शिकवते मला, मागच्या मैदानात. पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरायचं, दर दोन मिनिटांनी बंद पडायची. पेट्रोल जाणारच."

"हम्याला माहीत होतं?"

"मीच शपथ घातली होती, सांगू नका म्हणून."

नानांनी गाडीची किल्ली उचलली. "अगं, मी त्याला चोर म्हटलं."

किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली आणि गाडी तिनेच काढली. मी मागे बसले. आम्ही गॅरेजपाशी पोचलो तेव्हा सकाळची गिऱ्हाईकं पांगली होती. नाना हात जोडून म्हणाले, "हम्या, चुकलो रे. पण तू सांगायचंस तरी!"

"वहिनींचं शिकणं थांबवलं असतंस तू," चाचा म्हणाले. "आणि मला वाटलं, मला वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही. इतक्या वर्षांनी तरी."

"माफ कर."

"केलं रे. घरी येईन, जेवेन, सगळं करेन. पण गाडी इथे आणू नकोस. प्रत्येक नट आवळताना वाटेल, हा बघतोय."

नाना मान खाली घालून गाडीत येऊन बसले. आईने गाडी चालू केली, ती एक गचका खाऊन बंद पडली. चाचा धावत पुढे आले. "वहिनी, घाबरू नका! सावकाश!" दुसऱ्या खेपेला गाडी निघाली, तसे चाचा हसले आणि त्यांनी आईला हात केला. नानांनीही काचेतून हात वर केला. पण तोवर चाचा आत वळले होते. नानांचा हात कितीतरी वेळ तसाच वर राहिला.