बीचची पानं आणि मुरिएलबाईंचा घोर

इंग्लंडातल्या ब्रॅडलकोम्ब गावात मुरिएलबाईंनी ग्लिसरीन पाजून टिकवलेली बीच झाडाची फांदी नाही असं घर सापडायचं नाही. दंतवैद्याकडे ठेवलेली फांदी तर चार वर्षांची. धूळ झटकली की अजून तांबूस आणि चामड्यासारखी मऊ. दंतवैद्याचे पेशंटही इतके टिकत नाहीत.

त्यामुळे भाचीचं लग्न नोव्हेंबरात ठरलं, तेव्हा बाईंनी भर चहापानात सांगून टाकलं, "चर्च मी सजवणार!" पण ऑगस्टात हिरव्या फांद्या तोडायच्या वेळी नेमका गुडघा सुजला. बाई उठून चालायला लागल्या तोवर ऑक्टोबर उजाडला होता.

मग धाकट्या भावाला रानात पिटाळलं. विल्फ्रेड लढाई जिंकल्यासारखा परतला. हातात पेटल्यासारख्या सोनेरी फांद्या.

"अरे देवा! हे काय आणलंस?"

"सगळ्यात सुंदर होत्या त्याच. तासभर निवडत होतो!"

"पान रंगलं की त्याचं पिणं संपतं रे! हिरवी हवी होती!"

"पानगळीच्या रंगांची सजावट म्हणून पानगळीचीच पानं आणली, तर माझंच चुकलं."

तरीही बाईंनी देठ हातोडीने ठेचले, गरम पाण्यात ग्लिसरीन घालून फांद्या बरणीत उभ्या केल्या आणि पाणी किती उतरतं ते कळावं म्हणून काचेवर खूण केली. चहा बरणीसमोर, जेवण बरणीसमोर. पाणी केसभरही उतरलं नाही. पाचव्या दिवशी गालिच्यावर पानांचा सडा.

"आता बरणीसाठी डॉक्टरला बोलावू का?" विल्फ्रेडने विचारलं. बाईंना हसू आलं नाही. तीन आठवडे उरले होते.

छाटलेल्या कुंपणातली बीचची पानं उशिरापर्यंत हिरवी राहतात. गावात असं कुंपण एकच, ग्वेन हॅझलडीनबाईंचं. या ग्वेनबाईंनी फुलांच्या प्रदर्शनात मुरिएलबाईंच्या फांद्यांना 'केरसुण्या' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

मुरिएलबाईंनी ग्वेनबाईंचं फाटक वाजवलं.

"या! केरसुण्या संपल्या वाटतं?"

"संपल्या. भाचीचं लग्न आहे हो. मागच्या बाजूच्या दहा-बारा फांद्या मिळाल्या तर..."

ग्वेनबाईंनी आपल्या पट्टीसारख्या सरळ कुंपणाकडे पाहिलं.

"मागे ऊन नसतं. पानं पातळ असतात, ती गळतील. समोरच्या कापा," त्या म्हणाल्या आणि कातरी आणायला आत गेल्या.

कुंपणाला पुढचे दोन दात पडल्यासारखं भगदाड पडलं. या नव्या फांद्यांच्या बरणीतलं पाणी मात्र दुसऱ्या दिवशी बोटभर उतरलं, आणि तपकिरी रंग बुडापासून पानापानांत वर चढू लागला. पण किती सावकाश! लग्नाच्या सकाळीही बाई एकेक पान उजेडात धरून तपासत होत्या.

नवरी आत आली, सगळे वळले. दोन बायका मात्र फांद्यांनी सजवलेल्या डावीकडच्या खांबाकडे बघत होत्या.

"वरचं एक पान हिरवंच राहिलंय," ग्वेनबाई कुजबुजल्या.

"कळलंय मला. आता नवरी बघा की हो!" मुरिएलबाई म्हणाल्या, आणि स्वतः त्या पानावरून नजर काढू शकल्या नाहीत.