तळाची रेघ

दोउ यिनशिंग शाळेत सगळ्यांच्या आधी यायची. कुलूप काढायचं, शेगडी पेटवायची आणि मुलं यायच्या आत दिवसाची सगळी अक्षरं फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं, हा तिचा अकरा वर्षांचा शिरस्ता. गावाला वाटे, बाई फार कामसू. खरं कारण वेगळं होतं. लिहिताना कुणी पाहिलेलं तिला चालत नसे.

लहानपणी घरातून एकालाच शाळेत जाता येणार होतं. तो मान भावाला, लाइशुनला मिळाला. मेंढ्या वळून आली की ती खालून विस्तव घालून तापवलेल्या मातीच्या ओट्यावर, बुटक्या मेजापलीकडे त्याच्या समोर बसायची.

"माझ्या बाजूला येऊ नकोस, दिव्याचा उजेड अडतो," तो म्हणायचा.

मग ती समोरूनच पाहायची. त्याची वरची रेघ तिला खालची दिसे, त्याचं डावं तिचं उजवं. वही मिटायच्या आत ती फिरवून अक्षराचा चेहरा पाठ करून घ्यायची. चिनी अक्षराच्या रेघा ठरलेल्या क्रमानेच, वरून खाली ओढायच्या असतात. तिची अक्षरं बिनचूक यायला लागली, पण हात चालायचा उलटा, तळापासून शेंड्याकडे.

पुढे गावच्याच शाळेत ती बदली शिक्षिका झाली, तेव्हा पुस्तकावरून एकेका अक्षराच्या रेघांचा क्रम तिने सुधारला. मात्र कुणी रोखून पाहिलं की हात जुन्या वाटेला लागे.

मुलांना तिने ती वाट दिसू दिली नाही. हवेत बोटाने अक्षर गिरवताना इतर मास्तर वर्गाकडे पाठ करत. यिनशिंग मुलांकडे तोंड करून, डाव्याचं उजवं करून गिरवायची, म्हणजे त्यांना सरळ दिसे. समोर बसून शिकल्याचा तेवढा एक फायदा. चौकटीच्या अक्षरांसाठी नियम घोकून घेतलेला: आधी माणसं आत, मग दार बंद; म्हणजे आतल्या रेघा आधी, चौकटीची तळाची रेघ शेवटी. आणि बजावून ठेवलेलं, "कुणीही चुकलं तरी बोलायचं. मी चुकले तरी."

त्या शरदात तालुक्याहून तपासनीस यायचे ठरले. पसंत पडली तर नोकरी कायम, नाहीतर वसंतात प्रशिक्षण घेतलेली दुसरी बाई येणार.

"यिनशिंगबाई, तोंड का असं? बटाट्याला कीड लागल्यासारखं," हेडमास्तर आन म्हणाले.

"फळा सकाळीच लिहून ठेवू ना?"

"ठेवा की. साहेबांना काय, अक्षर देखणं दिसलं म्हणजे झालं."

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. सव्वीस मुलांची बोटं हवेत एकदम फिरली, एकही चुकलं नाही. साहेबांनी मान डोलावली.

"छान. आता फळा पुसा आणि 'देश'चं चौकटीचं अक्षर लिहून दाखवा."

ती वळली. पाठीत ती नजर रुतत होती. खडू सरळ खाली टेकला, आणि पहिली रेघ ओढली गेली ती तळाची.

पुढच्या बाकावरची श्वेहे म्हणाली, "बाई, दार आधीच लावलंत."

आणि मग सव्वीस जण, रोजच्या सुरात, "आधी माणसं आत, मग दार बंद."

हेडमास्तर उगाच खोकले.

"मुलांना हे कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"मग तुम्हालाच कसं येत नाही?"

ते मेज, तो दिवा, लाइशुनची वही. "येतं, साहेब," एवढंच ती म्हणाली.

साहेबांनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात शिक्षकाच्या हाताचा रकाना आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मुलांच्या हाताचा नाही." आणि त्यांनी त्या रकान्यात फुली मारली.

ते गेल्यावर श्वेहे रडवेली झाली होती. "बाई, मी बोलायला नको होतं का?"

"बोलायलाच हवं होतं. बोटं वर करा."

यिनशिंगने तळाची रेघ पुसली. वर्गाकडे न वळता, पाठमोरीच, सगळ्यांदेखत तिने डावीकडची उभी रेघ ओढायला घेतली. वसंताला अजून चार महिने होते.