चिऊचं पान

फेल्ट कापायला कात्री धारदार लागते आणि माणूस सावकाश लागतो. आमच्या घरात कात्री एकच होती, आईची, लोखंडी, आणि मी जन्माची घाईची. माझ्या हातून कडा कायम उंदराने कुरतडल्यासारख्या यायच्या. वहिनी तीच कात्री घ्यायची, हात स्थिर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने कापड फिरवायची. गोल म्हणजे अगदी गोल निघायचा. "वन्सं, कात्री पळवू नका, कापड पळवा," म्हणायची आणि स्वतःच हसायची. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी बाई मला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची, सगळं चेष्टेत. मी तिला सरळ वहिनी, तू, असंच बोलायचे.

ऐरोलीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा वाशीच्या मार्केटात मापाडी, दादा बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत. आई साताऱ्याकडची, जिभेने तिखट. वहिनी कराडजवळच्या गावातून आली. आईविना वाढलेली, काका-काकूंनी लग्न करून दिलेली. तिच्या ट्रंकेत साड्या चार आणि पुस्तकं अकरा निघाली. आईने कपाळाला हात लावला. "एवढी पुस्तकं काय फोडणीला घालायची का गं?" वहिनी हसली आणि तिने पुस्तकं पलंगाखाली सरकवली.

दुपारी आई शेजारी गहू निवडायला जायची. मग घर आमचं. दोन गल्ल्या सोडून एक वाचनालय होतं, तिथून वहिनी एक पुस्तक आणायची आणि मोठ्याने वाचायची. मी टाके घालायचे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी फेल्टचं काम शिकवलं होतं, ते डोक्यात बसलं होतं. पुस्तकात घालायच्या खुणेच्या पट्ट्या, सुया टोचून ठेवायची घडी, काय काय केलं. वाचनालयाच्या पुस्तकाला हळदीचा हात लागू नये म्हणून जुन्या ब्लाउजपीसची खोळ शिवली. घरी आलं की पुस्तक त्या खोळीत जायचं, परत देताना खोळ निघायची. रडायचा प्रसंग आला की वहिनीचा आवाज बसायचा, ती थांबायची, आणि मी ओरडायचे, "अगं पुढं वाच ना, मेला का तो?" इतकं सुखाचं काही माझ्या वाट्याला नंतर फारसं आलं नाही.

वहिनीला दिवस गेले. आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, बाळाचं काहीही आधी शिवायचं नाही. झबलं नाही, टोपडं नाही, दुपटंसुद्धा नाही. मूल हातात आलं की मग काय ते. आमच्याकडे तशीच रीत होती, अजूनही कित्येक घरांत आहे. पण वहिनीच्या मनात एक पुस्तक होतं. कापडाचं, बाळाला चावता येईल असं. मी म्हटलं, झबलं नाही ना ते, मग करू की. आईला सांगितलं, शाळेचं कार्यानुभवाचं काम आहे. तिला ते पटलं, कारण शाळेचं म्हटलं की ती काही विचारायची नाही.

आईच्या जुन्या सुती लुगड्याची पानं केली. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की दुहेरी करून साबुदाण्याची खळ द्यावी लागली. मासा झाला, फुगा झाला, हत्ती झाला, छत्री झाली. वहिनीने नेमच केला होता की सुई मी धरायची, ती फक्त गोष्ट सांगणार. एका पानाची एक गोष्ट. मासा खाडीतून उरणला मावशीकडे निघालेला. हत्तीला छत्री पुरत नाही म्हणून तो रुसलेला. ती पोटावर हात ठेवून सांगायची. मी ऐकत काजटाका घालायचे आणि मनातल्या मनात त्या बाळावर जळायचे, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. सकाळी सकाळीच. आईने खिडक्या लावल्या, पाण्यावर तुळशीची पानं टाकली आणि वहिनीला आतल्या पलंगावर निजवलं. "चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. नखसुद्धा लावायचं नाही कशाला. सरळ पडून राहा." स्वतः स्वयंपाकघरात देवापुढे माळ घेऊन बसली. बाबा आणि दादा कुणाचातरी एक्स-रे घेऊन गच्चीवर गेले. मी वहिनीजवळ बसले आणि चिऊचं पान काढलं.

चिऊ काही केल्या जमेना. चोच निघाली की शेपूट बिघडायची. पिवळ्या फेल्टचा एकच तुकडा उरला होता आणि मी त्याची वाट लावत होते.

"वहिनी, एवढी चिऊ कापून दे ना."

"वन्सं, ग्रहण आहे."

"मग? सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात आकृती आहे. त्यांना काय कळतंय तू इथं काय कापतेस?"

"आई ओरडतील."

"एवढी पुस्तकं वाचतेस आणि घाबरतेस? मग वाचून उपयोग काय?"

हे मी मुद्दाम म्हटलं. तिला कुठे लागेल ते मला ठाऊक होतं. ती उठून बसली, कात्री घेतली, कापड फिरवलं आणि एका दमात चिऊ कापून माझ्या हातात दिली. चोचीसकट. "चिमणी पिवळी असते का हो कुठे?" म्हणाली. आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो. मग ती पुन्हा सरळ पडून राहिली.

संक्रांतीच्या आधी मुलगी झाली. वरचा ओठ मधोमध फाटलेला, थेट नाकापर्यंत.

दवाखान्यात आईने बाळाला बघितलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. मग वहिनीला विचारलं, "ग्रहणात काय कापलं होतंस का गं?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास. मी पलंगाच्या पायाशी उभी होते, हातात दुधाचा थर्मास. मी खाली बघितलं.

"नखं काढली होती," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी दादाला नीट समजावलं होतं. ओठ जुळायचा असतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, ग्रहण आलं तेव्हा सातवा चालू होता, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. वजन भरलं की ऑपरेशन करू, ओठ शिवला जाईल. दादाने घरी येऊन सगळं सांगितलं. आई म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय."

मला कळत होतं. भूगोलाची आकृती माझीच होती ना! ग्रहणाने काही होत नाही हे मला इतकं पक्कं ठाऊक असतं तर मी बेधडक सांगितलं असतं, चिऊ मी कापायला लावली म्हणून. सांगितलं नाही, याचा अर्थ त्या स्टुलाजवळ उभी असताना माझाही विश्वास बसला होता. मी घाबरले होते. मी भित्री निघाले, आणि भरपाई वहिनीने केली.

बारशाला आलेल्या प्रत्येक बाईला आईने सांगितलं. "सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण हिनं नखं काढलीच." बायका चुकचुकायच्या, वहिनीच्या बोटांकडे बघायच्या. ती पदराखाली हात घ्यायची. बाळाला अंगावर ओढता येत नव्हतं, चमच्याने दूध पाजावं लागायचं, ते ओठाच्या फटीतून परत यायचं. वहिनी एकेक चमचा मोजल्यासारखा सोडायची आणि पुटपुटायची, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. चिऊ म्हटलं की मी तिथून उठून जायचे.

एकदा तिने विचारलं, "वन्सं, आपलं पुस्तक कुठे आहे?"

"फेकलं."

तिने मान हलवली. फेकलं नव्हतं. गोधडीसाठी साठवलेल्या चिंध्यांच्या बोचक्यात तळाशी घातलं होतं. त्यानंतर वहिनीने वाचनालयात जाणं बंद केलं. ब्लाउजपीसची खोळ खिळ्याला रिकामी लटकत राहिली, पुढे आईने तिच्यात लसूण भरला. आणि वन्सं म्हणताना वहिनी हसायची थांबली. माझ्याशी अहोजाहो तसंच चालू होतं, फक्त आता ते खरं झालं होतं.

मुलीचं ऑपरेशन झालं, ओठ जुळला, नाकाखाली एक पांढरट रेघ राहिली. बोलायला लागली ती थांबेचना. मुलुंडच्या पुलाचं काम चालू होतं तेव्हा ती चार वर्षांची होती, रोज विचारायची पूल झाला का. मी कॉलेजात होते, माझ्या लग्नाचं घाटत होतं.

एका दुपारी आई तिला तेल लावत होती. वहिनी परातीत कणीक मळत होती. पोरीने हातातल्या आरशात बघितलं, ओठावरून बोट फिरवलं आणि अगदी सहज विचारलं, "आई, तू ग्रहणात नखं काढली म्हणून माझं असं झालं ना? मग का काढली?"

वहिनीचे हात कणकेत थांबले. तिने वर बघितलं नाही. "चुकलं माझं," म्हणाली.

तेवढं ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली. "आई," मी म्हटलं, "तिने नखं काढली नव्हती. आम्ही चिऊ कापली. मी कापायला लावली तिला."

आई तेल लावतच राहिली. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"ग्रहण सुटल्यावर घर कुणी झाडलं? पलंगाखाली पिवळी कातरण पडली होती, कडा सुबक, म्हणजे हिच्या हातची. शाळेचं काम तुझं होतं."

"मग चार वर्षं हिला का बोलत राहिलीस?"

"मग काय तुझं नाव घेऊ? तुला उजवायची होती अजून. आत्यानंच भाचीचं वाटोळं केलं म्हणून गावभर झालं असतं, कोण आलं असतं बघायला?" आई शांतपणे म्हणाली. "ती काय, घरात आलेली बाई."

वहिनी तिथेच बसली होती, दोन हातांच्या अंतरावर. आईला ती दिसत नव्हती असं नाही.

वहिनीने हात धुतले, पदराला पुसले. मला म्हणाली, "वन्सं, ते पुस्तक आणा."

"मी तर..."

"तुमच्याच्यानं पुस्तक फेकवत नाही. आणा."

मी बोचकं सोडलं. खळ उतरून पानं पुन्हा मऊ झाली होती, हत्तीचा एक कान सुटला होता. वहिनीने मुलीला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागली. चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मासा उरणला निघाला, फुगा उडाला, हत्ती रुसला. पोरगी खदखदून हसत होती. छत्री झाली आणि वहिनीने दोन पानं एकदम उलटली.

"आई, एक राहिलं. चिऊ आहे इथं."

"ते पान आत्याचं आहे," वहिनी म्हणाली. "ते आत्या वाचेल."

पोरगी उठली, पुस्तक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर पान उघडून बसली. पिवळी चिऊ, कापलेली वहिनीने, टाचलेली मी, भोवती माझे वाकडेतिकडे टाके. वहिनी कणकेकडे परत गेली होती, पण मळत नव्हती. आई तेलाची बाटली बंद करत होती.

मी वाचलं. म्हणजे सगळं सांगितलं, ग्रहण, कात्री, मी काय म्हणाले, आई काय म्हणाली, दवाखान्यात मी कशी खाली बघत राहिले. चार वर्षांच्या पोरीला कळेल असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चिऊच्या चोचीवरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या ओठावरून.

"म्हणजे तुला माहीत होतं, आजीला माहीत होतं, आईला माहीत होतं," ती म्हणाली. "मग सगळे आईलाच का ओरडायचे?"

ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मग उठून वहिनीच्या पाठीला जाऊन बिलगली.