तासगावच्या टँकमधलं समुद्रफूल

राजेश्वरी वैनींच्या डोक्यात राग शिरला, की तो भाड्यानं राहत नाही, घर विकतच घेतो. सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहेत. पोरांनी काचेची नळी फोडली तर ओरडत नाहीत, नुसत्या बघतात. पण वर्षाअखेरीला कुणी, कुठली, कधी फोडली ते वारासकट सांगतात. असल्या बाईच्या वाटेला शहाण्या माणसानं जाऊ नये. त्यांच्या धाकट्या दिराला, तासगावच्या विश्वजितला, एवढी अक्कल असती तर मग काय पाहिजे होतं!

वैनींचे मालक मानसिंगराव फौजेत हवालदार होते. शेवटची काही वर्षं अंदमानात काढली. तिथं गुडघाभर पाण्यात त्यांनी एक समुद्रफूल बघितलं. नाव फूल, पण आहे प्राणी. खडकाला बूड चिकटवून बसतो, वर बोटांसारख्या शेकडो लुसलुशीत मिशा हलत असतात, आणि त्या मिशांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी घर करून राहते. रजेवर आले की मानसिंगराव दुसरं काही बोलायचेच नाहीत. पेन्शनीत आले आणि हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक उभा केला. सांगलीत समुद्र कुठला? फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात खास पुडीतलं मीठ मापून विरघळवायचं, आणि थेंबभर पाणी यंत्राखाली धरून खारटपणा बघायचा. हा सगळा उद्योग हळूहळू वैनींच्याच गळ्यात पडला आणि त्यांना तो आवडलाही. क्लाउनची जोडी आणली तेव्हा नखाएवढी होती. वैनींनी ती पोटच्या पोरासारखी वाढवली. "टँक वर्षभर मुरू दे, मग फूल आणू," मानसिंगराव म्हणायचे. फूल नाजूक, नव्या पाण्यात टिकत नाही. वर्ष भरायच्या आतच त्यांचं हृदय बंद पडलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विश्वजित बादली घेऊन आला. "वैनी, ह्या दुखवट्यात तुमी ह्यास्नी कवा बघणार? आठ दिवस न्हेतो मी."

वैनींना त्या दिवसांत हो-नाही कसलंच सुचत नव्हतं. गडी जोडी घेऊन गेला. आठ दिवसांचे दोन महिने झाले, दोन महिन्यांची दोन वर्षं. वैनींनी तीनदा मागितली. पहिल्यांदा म्हणाला, त्यास्नी हितली सवय लागलीया. दुसऱ्यांदा हसला. तिसऱ्यांदा म्हणाला, "वैनी, सारखं सारखं मागू नगा, बरं दिसत न्हाई." म्हणजे चोरी करणारा हा, आणि बरं न दिसणाऱ्या वैनी! वर आणखी, तासगावच्या हॉलमधल्या आपल्या टँकमध्ये बाकीच्या माशांत ती सोडली, आणि पाहुण्यांपुढं छाती काढून सांगायचा, "नखायेवढी हुती. मी वाढवल्यात." एकदा तर वैनी तिथंच बसलेल्या असताना सांगितलं. वैनींनी चहाचा कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घरी येऊन त्यांनी रिकामा टँक चालूच ठेवला. दर शनिवारी पाणी बदलायचं, मीठ मोजायचं, दिवा लावायचा. आत मासा नाही. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला नव्हता. वैनींना दोन गोष्टी पाहिजे होत्या: जोडी परत, आणि चार माणसांत विश्वजितचं पडलेलं तोंड. दोन्ही पाहिजे होतं. एकावर त्या भागवून घेणार नव्हत्या.

आणि एक दिवस विश्वजितचाच फोन आला.

"वैनी, आमच्या पोरीचं, रेश्माचं लगीन जमलं! सातारची मंडळी रविवारी पयल्यांदा घरी जेवायला यायल्यात. टँकमदी समुद्रफूल पायजे बघा. मुंबईस्नं मागवलंय, शुक्रवारी येतंय. तेवढं तुमी बसवून द्या."

"पाणी कसं हाय भावजी?"

"एकदम झकास! मदी माशांवर पांढरं ठिपकं उठलं हुतं. चिमूट चिमूट मोरचूद मारलं तीन-चारदा. ठिपकं गायब!"

वैनी खुर्चीत ताठ बसल्या.

तासगाव म्हणजे द्राक्षाचा मुलूख. मोरचूद आणि चुना कालवून बागेवर फवारायचं, हे तिथल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक. पानावर बुरशी आली, मार मोरचूद. विश्वजितला मासे आणि द्राक्षाची पानं यांत फरक काय तो वाटला नाही. आणि खोटं कशाला बोला, ठिपके गेलेही. पण मोरचूद म्हणजे तांबं. मासा बेताचं तांबं सोसतो. समुद्रफुलाला ना हाड, ना खवलं, ना शिंपला. ते अंगभर पाणी पितं, आणि तांब्याचा अंश लागला की आतून विरघळायला लागतं. वर ते तांबं दगडांत, वाळूत मुरून बसतं. पाणी दहादा बदललं तरी थोडं थोडं सुटतच राहतं. फूल मेलं की कुजतं, आणि सगळा टँक नासवतं. दिवसभर रसायनांत हात घालणाऱ्या बाईला हे नव्यानं कुणी सांगायला नको होतं.

"भावजी, ह्यात फूल जगायचं न्हाई," हे वाक्य वैनींच्या अगदी ओठावर आलं. त्यांनी ते गिळलं.

"आणा की," त्या म्हणाल्या. "पण एक हाय. फूल नवं असतंय तवर क्लाउन त्येला लय छळत्यात. बूड टेकूच देत न्हाईत. जोडी काढून ठेवाय लागंल. मी न्हेते आठ दिवस."

"न्ह्या की! रविवारी सकाळी आणा म्हंजे झालं. पाव्हण्यांना दावायची हायती," विश्वजित म्हणाला, आणि वर "लय उपकार झालं बघा," असंही म्हणाला. फोन ठेवल्यावर वैनी हसल्या. त्यांची मुलगी साक्षी स्वयंपाकघरातून डोकावली. दोन वर्षांत आईला असं हसताना तिनं बघितलं नव्हतं.

शुक्रवारी वैनी एसटीनं तासगावला गेल्या. सोबत दोन बादल्या आणि घरी बनवलेल्या खाऱ्या पाण्याचा कॅन. आधी जोडी काढली. दोन्ही मासे बादलीत आले. झाकण लावलं, बॅटरीचा हवेचा पंप सोडला, आणि ती बादली पायाशी अशी ठेवली, की कुणी हात घातला असता तर चावल्या असत्या.

मग दुसऱ्या बादलीत घरचं पाणी घेऊन त्यात पिशवीतलं फूल सोडलं. प्रवासानं ते मुठीएवढं आक्रसलं होतं, मळकट गोळा नुसता. वैनी स्टुलावर बसून बघत राहिल्या. अर्ध्या तासानं गोळा सैल झाला. एक मिशी बाहेर आली, मग चार, मग सगळ्याच. टोकं जांभळी, अंग कोवळ्या पालवीच्या रंगाचं. बशीएवढं झालं. वैनींनी पाण्यात बोट घातलं, तर मिशा बोटाला चिकटल्या, लहान पोर बोट धरतं तशा. आयुष्यातलं पहिलं समुद्रफूल. मानसिंगरावांनी इतक्यांदा सांगितलेलं, आणि त्यांनी आजवर कधीच न बघितलेलं.

इथून विश्रामबाग तासाभरावर. दोन वर्षं मुरलेलं, मोरचुदाचा कणही न लागलेलं पाणी तिथं तयार. भावजींना खरं सांगावं, फूल मागून न्यावं, जोडीला त्यात सोडावं. वैनींच्या मनात हे आलं. खरंच आलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून विश्वजितचा आवाज आला. फोनवर सातारच्या व्याह्यांशी बोलत होता. "व्हय व्हय, आप्पासो, जोडी मी सोता वाढवलीया! याच तुमी, दावतो की!"

वैनी उठल्या. फूल दोन्ही हातांत अलगद उचललं, टँकमधल्या मधल्या दगडावर ठेवलं, बूड टेकेपर्यंत धरून राहिल्या. मग हात पुसले.

शनिवारी सकाळी फोन आला. "वैनी, फूल आक्रसलंय. तोंड वासून बसलंय."

"नवी जागा हाय. रुसलंय. बसंल."

त्या दिवशी वैनी पोटभर जेवल्या. जोडी घरच्या टँकमध्ये फिरत होती, आणि साक्षी काचेला नाक लावून बसली होती. "काकांना परत द्यायची?" तिनं विचारलं. "आता? मी मेले तरी न्हाई," वैनी म्हणाल्या.

रविवारी वैनी रिकाम्या हातानं तासगावला पोचल्या. फाटकापाशीच वास आला. उदबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवला होता, सेंट मारला होता, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, पण नासलेल्या मासळीचा दर्प काही हटत नव्हता. टँकचं पाणी दुधासारखं झालं होतं. विश्वजितचे बाकीचे मासे पोट वर करून तरंगत होते. मधल्या दगडावर पांढरट लिबलिबीत काहीतरी लोंबत होतं. सोफ्यावर व्याही आप्पासो नाकाला रुमाल लावून बसलेले, शेजारी त्यांची म्हातारी आई चंद्राबाई.

"ह्या आमच्या वैनी," विश्वजित मोठ्यानं म्हणाला. "ह्यांनीच बसवलंय. ह्यास्नीच इचारा काय झालं ते."

वाटच बघत होत्या वैनी! "सांगते की. आदी तुमी सांगा भावजी, पाण्यात मोरचूद कुणी टाकलं?"

विश्वजितनं टँककडं पाठ केली.

"बागेवर मारायचं औषध जिवंत पाण्यात टाकलं कुणी? आन ती जोडी? नखायेवढी हुती तवा कुणी वाढवली? बोला की पाव्हण्यांपुढं. माज्या घरातनं दुखवट्यात बादलीत घालून कुणी न्हेली?"

आप्पासोंनी रुमाल खाली घेतला. रेश्मा पाण्याचा ट्रे घेऊन दारातच थबकली. विश्वजितचे कान लालबुंद झाले. "वैनींची," तो पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं."

"वैनींची जोडी हाय ती! मी आणली हुती."

झालं. दोन्ही मिळालं. वैनींच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्यांनी भरभरून श्वास घेतला, तसल्या वासातसुद्धा.

चंद्राबाई हळूच उठल्या, टँकपाशी गेल्या. वाकून त्या लोंबत्या गोळ्याकडं बघितलं. "ह्ये जितं हुतं व्हय गं?"

"व्हय."

"आन मोरचुदाचं तुला आदीच ठावं हुतं?"

"...व्हय."

"मग पोरी, भांडाण तुजं ह्येच्याशी. ह्या मुक्या जिवाला कशापायी घातलंस त्यात?"

विचारलं ते रागानं नव्हे. सहज, कळून घ्यायचं म्हणून विचारलं.

वैनींनी पदर खोचला आणि हात टँकमध्ये घातला. फूल उचलताना बोटांतून निसटलं. तीन-चारदा ओंजळीनं गोळा करावं लागलं. फाटकाजवळच्या जास्वंदीखाली त्यांनी ते पुरलं आणि न जेवता एसटी पकडली.

साक्षी दारातच उभी होती. "काय झालं? काका काय म्हणाले? सगळ्यांसमोर म्हणाले?"

"म्हणाला. सगळ्यांसमोर."

साक्षीनं टाळी वाजवली. "आन फूल?"

"ते मी मारलं," वैनी म्हणाल्या आणि सरळ मोरीत जाऊन हात घासायला लागल्या. बाहेर जोडी काचेपाशी येऊन खाण्यासाठी वरखाली करत होती. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

"साक्षी," त्या आतूनच म्हणाल्या, "माशांना आज तू खायला घाल."